तपकिरी फौज

३ फेब्रुवारी

आत्या,

आधी नमस्कार, मग भांडण. फोन करत नाही याचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला कुणीतरी फोन आपटतं. मागच्या वेळी तू आपटलास, त्याच्या आधी मी. कागद आपटता येत नाही, म्हणून कागद.

मुद्द्याचं विचारतो. बाबा म्हणाले, "तुझ्या आत्याचं पोटाचं काहीतरी निघालंय, तुकडा काढून तपासायला दिला होता." मी म्हटलं, पोटाचं म्हणजे काय? तर म्हणाले, "असतं बायकांचं काहीतरी." आणि पेपर तोंडासमोर धरला. मी पेपर खाली ओढला, तो फाटला. शब्दकोडं बरोबर मधोमध गेलं, म्हणून बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. तेव्हा आता तूच सांग, नीट, अवयवाच्या नावासकट. मी कॉलेज सोडलं म्हणजे अक्कल सोडली असं होत नाही, हे तुम्ही बहीणभाऊ कधी मान्य करणार?

हो, नोकरी टिकली आहे. जास्त आश्चर्य करू नकोस. संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे, तळमजल्याला. रुग्णांच्या अंगातून काढलेले बारके तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवलेले असतात. मी ते ठोकळे यंत्रावर कापतो. केसाहून कितीतरी पातळ काप निघतो, तो कोमट पाण्यावर सोडायचा, खालून काच सरकवायची आणि अलगद उचलायचा. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मी उसासा टाकला की काप उडतो आणि मेहनत पाण्यात. आणि आत्या, मला सध्या उसासे फार येतात.

कारण ती इथे आहे. कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची ती. मी प्राध्यापकाशी भांडून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलो, ती शिकत राहिली, आता इथे संशोधन करते. सगळे तिला कंट्रोलबाई म्हणतात. कुणी काही दाखवायला नेलं की तिचा पहिला प्रश्न, "कंट्रोल कुठाय?" म्हणजे एखादी काच रंगवायची तर सोबत आणखी दोन रंगवायच्या. एकीवर रंग यायलाच हवा, दुसरीवर येताच कामा नये. त्या दोघी सरळ वागल्या, तरच तिसरीवर विश्वास ठेवायचा. परवा धीर करून मी तिला म्हटलं, "आज छान दिसतेस." ती म्हणाली, "कशाच्या तुलनेत?"

सांग, अशा मुलीचं करायचं काय?

तुझा,
ठिणग्या


९ फेब्रुवारी

ठिणग्या,

पेपरचं मला दादाने फोनवर सांगितलं. माझ्या आजाराबद्दल एक अक्षर बोलला नाही, शब्दकोड्याबद्दल मात्र कान किटेपर्यंत बोलला. तुम्ही दोघं बापलेक एकाच ठोकळ्यातून कापलेले आहात, फरक इतकाच की तो तोंड दाबून चिडतो आणि तू तोंड उघडून.

अवयवाच्या नावासकट हवंय ना? घे. गर्भाशयाचं तोंड. तिथे कॅन्सर आहे. अगदी सुरुवातीचा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या डोळ्यांना दिसलासुद्धा नसता. पिशवी काढायची, चार मार्चला सकाळी. लवकर सापडलाय, बहुतेक तेवढ्यावर भागेल म्हणाल्या. झालं समाधान? आता तूही धर पेपर तोंडासमोर.

दादाला यातलं काहीही सांगायचं नाही. त्याला 'पोटाचं' पुरे आहे. का, ते विचारू नकोस. विचारलंस तर पुढच्या पत्रात फक्त हवापाणी लिहीन.

इकडे सभागृहाच्या खुर्च्यांचं काम आलंय. गाद्या, पाठी, सगळं नवं. कापड इतकं जाड की मशीनची सुई रडते. कंत्राटदार रोज येऊन विचारतो, "बाई, झालं का?" मी रोज म्हणते, "बसून बघा, झालं असेल तर टोचणार नाही." मदतीला होती ती बाई सून बाळंत झाली म्हणून गेली, तेव्हा सगळं माझ्या एकटीच्या बोकांडी.

आणि त्या मुलीचं. छान दिसतेस म्हणून काय उपयोग? तिच्या घरी आरसा असेल. ती दिवसभर काय करते ते विचारलंस कधी? नसशीलच. तुम्हा पोरांना प्रेम करायला वेळ असतो, चौकशी करायला नसतो.

आत्या


१५ फेब्रुवारी

आत्या,

पत्र वाचलं. मग राग आला, कुणावर ते कळेना, म्हणून ड्रॉवरला लाथ मारली. अंगठा सुजलाय. ते असो.

तुझ्या सांगण्यावरून मी तिला विचारलं, तू करतेस काय नेमकं? ती चक्क खुर्ची माझ्याकडे वळवून बसली. इतकी वर्षं ती पाठमोरीच होती, तूच सांग मला काय झालं असेल. आणि तिने सांगितलं ते ऐकून मी उडालोच. ती तुझ्याच आजारावर काम करते! गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, सुरुवातीच्या अवस्थेतला. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात. पेशीच्या दारावरची बेल म्हण. बाहेरचा निरोप तिथे वाजतो आणि मग आतली पेशी काय करायचं ते ठरवते. त्यातला एक रिसेप्टर ती रंगवते. जिथे तो असेल तिथे तपकिरी ठिपका उमटतो. कुणाच्या गाठीत किती ठिपके, कुठे, हे ती बघते. तो रिसेप्टर पुढे काय करतो तेही तिने बराच वेळ समजावलं. पण तिच्या कानामागे पेन्सिल होती, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरचं मला काही ऐकू आलं नाही. मुख्य ते कळलं. तपकिरी म्हणजे शिपाई हजर.

आता जे लिहितो ते कुणाला बोलू नकोस. तुझ्या रुग्णालयातून आमच्याकडे नमुने येतात. नाव नसतं, तसा नियमच आहे, फक्त क्रमांक आणि वय. या आठवड्यात एक ठोकळा आला. तेच रुग्णालय, वय बावन्न. बावन्न, आत्या! मी तो हातात घेतला तेव्हाच ओळखलं. रक्त रक्ताला ओळखतं म्हणतात ते खोटं नाही. मीच कापला, एकही उसासा टाकला नाही. रंगवण्यातही हात लावला, धुतलाही मीच. दुपारी ती जेवायला गेली तेव्हा काच भिंगाखाली सरकवली.

तपकिरीच तपकिरी! या कडेपासून त्या कडेपर्यंत. फौज उभी आहे फौज. तुझ्या स्वभावाला साजेसंच आहे म्हणा, तू आयुष्यभर कुणाला आत येऊ दिलं नाहीस, कॅन्सरला काय देणार?

तर भिऊ नकोस. तुझं शरीर झुंजतंय, मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुझा,
ठिणग्या


२२ फेब्रुवारी

ठिणग्या,

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मशीनच्या खणात ठेवलंय, दोरा बदलताना हाताला लागतं. तुझ्या आजवरच्या बडबडीत पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं निघालं. कॉलेज सोडलंस तेव्हा मी तुला उंटावरचा शहाणा म्हटलं होतं, आता उंटावरून उतरलास असं समजते.

रोज सकाळी दार उघडते तेव्हा मनात येतं, आत फौज उभी आहे. बरं वाटतं. कंत्राटदारालासुद्धा दोन वेळा चहा पाजला मी. तो घाबरलाच.

खुर्च्या निम्म्या झाल्या. एप्रिलात सभागृहाचं उद्घाटन आहे, त्याच्या आत सगळं हवंय म्हणे. म्हणून मी रुग्णालयात फोन करून चार तारीख रद्द केली. शरीर जर स्वतःच निस्तरतंय तर त्याला थोडा वेळ देऊन बघू. पावसाळ्यानंतर बघता येईल. त्या फोनवरच्या बाईने नवी तारीख विचारली, मी म्हटलं, कळवते.

एक मात्र कळेना. तुकडा काढला तेव्हा एक बाई आली होती, म्हणाली, उरलेला तुकडा संशोधनाला द्याल का? इथे सही करा. मी म्हटलं, नाही देत. आधीच मला विचारून विचारून भंडावलं होतं सगळ्यांनी, माझं डोकं फिरलं होतं. तर मी नाही म्हटलेलं असताना तुझ्याकडे आला कसा? तिथे लोकांचं ऐकत नाहीत का? असो, आला ते बरंच झालं.

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांग.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

आजच्या आज रुग्णालयात फोन कर आणि तारीख परत घे. उरलेलं पत्र नंतर वाच. केलास का? नसशील केला. तू आधी पत्र संपवणार, मग चष्मा पुसणार, मग माझ्यावर चिडणार. चीड, पण फोन कर!

तो ठोकळा तुझा नव्हता. तू नाही म्हटलंस म्हणजे तो आमच्याकडे येऊच शकत नाही, नाही म्हणणाऱ्यांचे तुकडे रुग्णालयाच्या बाहेरसुद्धा पडत नाहीत. कुठल्यातरी भलत्याच बावन्न वर्षांच्या बाईची काच बघून मी तुला फौजेच्या गोष्टी सांगितल्या. जगात तू एकटीच बावन्नची आहेस असं वाटलं मला! रक्त रक्ताला ओळखतं, डोंबल्याचं ओळखतं.

तुझं पत्र वाचल्यावर मी तडक तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि सगळं ओकलो. तिने आधी पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "कुठली काच?" मी सांगितली. म्हणाली, "ती? ती अख्खी खेप मी फेकली. कंट्रोल बघितलास?"

कंट्रोलकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"जिच्यावर रंग येताच कामा नये, ती काचही तपकिरी झाली होती. सगळंच तपकिरी होतं. धुतलं कुणी होतं?"

"मी."

"मग ती फौज नव्हती. तो तू न धुतलेला रंग होता."

आत्या, मी जमिनीत गेलो असतो, पण तळमजलाच होता, खाली जागा नव्हती. एवढ्यावर थांबली असती तर ती कसली? म्हणाली, "आणि समज, ठिपके खरे असते, तरी? मी त्या दिवशी काय सांगत होते तुला? हा रिसेप्टर म्हणजे ब्रेक आहे. पेशीवर तो असतो, आणि गाठ तोच दाबून धरते. पोलीस आलेत, पण हाताची घडी घालून उभे आहेत, असाही त्याचा अर्थ निघतो. नेमका कुठे कोणता अर्थ ते आम्हाला अजून कळायचंय, त्यासाठीच तर डोळे फोडतेय मी. तू तेव्हा ऐकत काय होतास?"

पेन्सिल, असं काही मी म्हणालो नाही.

मग तिने मला मोठ्या सरांकडे नेलं आणि म्हणाली, "तुझ्या तोंडाने सांग." सांगितलं. सरांनी मला पुढचे काही आठवडे घरी बसायला सांगितलंय, भिंगाच्या खोलीची किल्ली काढून घेतली. बरोबरच आहे, त्यांच्या जागी मी असतो तर हाकललंच असतं. पण ते सगळं खड्ड्यात गेलं. तू तारीख घे. खुर्च्या कुणीही शिवेल. नाही शिवल्या तर लोक उभे राहतील, कुणी मरत नाही उभं राहून!

सोबत तिने तुला चिठ्ठी दिली आहे. मी वाचलेली नाही. पाकीट चिकटवून दिलं तिने, विश्वास बघ किती.

तुझा,
ठिणग्या


नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या भाच्याने तुम्हाला जे कळवलं ते चुकीचं होतं, आणि ते आमच्या खोलीतून गेलं, म्हणून मी लिहिते आहे. त्याने मला तुमच्या आजाराबद्दल सांगितलं हेही बरोबर नाही, पण आता ते मला माहीत आहे, आणि माहीत नसल्याचं नाटक मला जमत नाही.

आमच्या काचांवरून कुणाचाही उपचार ठरत नाही. त्या पुढच्या काळातल्या रुग्णांसाठी आहेत. तुमचा उपचार तुमच्या डॉक्टरांनी ठरवला आहे, तोच खरा. 'लवकर सापडला' हा शब्द ज्या दिवशी उच्चारतात त्या दिवशी खरा असतो. तो बरणीत घालून ठेवता येत नाही.

आणखी एक. न विचारता सांगते, कारण पुष्कळ बायका हा प्रश्न मनात ठेवून रांगेत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. हा आजार बहुतेक वेळा एका विषाणूने होतो, आणि तो विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कुणाकडून आला, केव्हा आला, हे कुठल्याही काचेवर दिसत नाही. मी इतक्या काचा पाहिल्या, एकीवरही बाईचा स्वभाव दिसला नाही.

तुमचा भाचा मूर्ख आहे, पण खोटं बोलत नाही. त्याने उचललेला काप मात्र इथे सगळ्यांत सरळ असतो. हे त्याला सांगू नका.


३ मार्च

ठिणग्या,

शाबास. आता तुझ्या अख्ख्या प्रयोगशाळेला माझं गर्भाशय माहीत झालं. फलक लावायचा राहिलाय तेवढा, तोही लाव.

तुझी फौज मी खरी मानली असं वाटतं तुला? मी कापडाची बाई आहे. मला कुणी येऊन म्हटलं की बाई, तुमचं फाटलेलं आपोआप शिवलं जातंय, तर मी त्याला दारातून हाकलीन. मला हवी होती म्हणून मानली. रद्द करायला कारण पाहिजे होतं, तू आयतं आणून दिलंस. खुर्च्यांचं निमित्त तर मी स्वतःच शिवलं.

ती मुलगी शहाणी आहे. तुझ्या हाती लागायची नाही. तिने न विचारता लिहिलं, म्हणून मीही न विचारता सांगते, आणि एकदाच.

पहिल्यांदा तपासायला गेले तेव्हा खिडकीवरच्या बाईने सगळ्या रांगेसमोर विचारलं, "लग्न नाही झालेलं? मग हे कसं?" मागे बसलेल्या बायकांच्या माना वर झाल्या. मी म्हटलं, "तुम्हाला कसं ते शिकवायला आले नाही, तपासायला आले." रांग हसली. मी नाही हसले. घरी येऊन दार लावलं आणि दिवसभर मशीनला हात लावला नाही.

एक माणूस होता. बरीच वर्षं होता. कुणाचा नवरा नव्हता, वाईट नव्हता, त्याला लग्न करायचं होतं, मलाच नव्हतं करायचं. मशीन माझी, किल्ली माझी, दार माझं, हे मला सोडायचं नव्हतं. आता तो या जगात नाही. मला त्याची लाज वाटत नाही, लिहून ठेव. मला कंटाळा येतो. पन्नाशी उलटल्यावर कुणासमोर बसून उत्तरं द्यायचा कंटाळा.

ऑपरेशनला घरचं माणूस लागतं. घरचं म्हणजे दादा. तो डॉक्टरीणबाईंसमोर टोपी मांडीवर घेऊन बसणार, त्या त्याला कारण समजावून सांगणार, आणि तो माझ्याकडे बघणार. बोलणार नाही, नुसता बघणार. आई गेल्यापासून त्याने मला वाढवलंय. माझ्या फीसाठी स्वतःची शाळा सोडली त्याने. त्याच्या त्या बघण्याला मी भिते. कॅन्सरला भीत नाही असं नाही, पण त्याला जास्त.

उद्या चार तारीख. मी खुर्च्या शिवणार आहे. आता यावर पत्र नको.

आत्या


७ मार्च

आत्या,

पत्र नको म्हणालीस, म्हणून हे पत्र नाही, हा इशारा आहे.

मी येतोय. राहिलेला डबा आणायला संस्थेत गेलो होतो, तिथूनच रुग्णालयात फोन केला. त्या फोनवरच्या बाईशी भांडण होणारच होतं, पण कंट्रोलबाई शेजारी उभी होती आणि तिने डोळे वटारले, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा 'कृपया' म्हणालो. सोळा तारीख मिळाली आहे. तुझ्या नावावर धरून ठेवलीय, तू फोनवर हो म्हणायचंस.

घरचं माणूस म्हणून मी सही करीन. चोवीस वर्षांचा आहे, सही येते मला. डॉक्टरीणबाई काय सांगायचं ते सांगोत, मी ऐकीन. तुझ्याकडे बघणार नाही, छताकडे बघीन. तो कोण होता ते विचारणार नाही. (विचारावंसं फार वाटतंय. पण नाही.) बाबांना सांगितलंय की मित्राकडे चाललोय. ते म्हणाले, "तुला मित्र आहे?"

तू इतकी वर्षं माझं ऐकून घेतलंस, पुढच्या बाकाच्या वेडापासून ते ड्रॉवरच्या लाथेपर्यंत, आणि स्वतःचं एवढं मोठं पोटात ठेवून बसलीस? मला प्रेमावर व्याख्यानं देत होतीस आणि मी समजत होतो, हिला काय कळतंय, हिने आयुष्यभर गाद्या शिवल्या! राग येतो मला तुझा. इतका येतो की समोर असतीस तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. बहुतेक रडलो असतो.

दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन आणि मोठ्यांदा गाईन. माझा आवाज तुला माहीत आहे. शेजारी तुला सोडणार नाहीत.

ठिणग्या


२५ मार्च

ठिणग्या,

तू गेलास आणि वॉर्ड शांत झाला. चार खाटांपलीकडची म्हातारी काल विचारत होती, "ते भांडणारे डॉक्टर दिसत नाहीत हल्ली?" तू एवढा आरडाओरडा केलास की तिने तुला डॉक्टर समजलं. वॉर्डबॉयची माफी मी तुझ्यावतीने मागितली. सलाईन संपायच्या आधीच तू त्याला हलगर्जी म्हणालास, तो बिचारा दुसरी बाटली हातात घेऊन मागेच उभा होता.

अहवाल आला. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत. गाठ होती तेवढीच होती, पुढे कुठे गेली नव्हती. आणखी काही नको, फक्त ठरल्या वेळी तपासायला यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चार तारखेला आला असतात तर मला एवढी धाकधूक झाली नसती." मी म्हटलं, तेव्हा सोबत दादा असता, मला झाली असती. त्यांना कळलं नाही. तुला कळेल.

टाके ओढतात. खुर्च्या राहिल्यात थोड्या. कंत्राटदार इथे येऊन बसला होता, हातात फळं आणि तोंडात "बाई, झालं का?"

ती मुलगी दोनदा फोनवर बोलली. प्रकृती विचारली, मग म्हणाली, "तो परत कधी येतोय? इथे दुसऱ्या कुणी काप उचलला की फाटतोय." याला प्रेम म्हणत नाहीत, हुरळून जाऊ नकोस. पण पाठमोरी बसून कुणी असं विचारत नाही.

आता खरं सांगते, आणि तू उड्या मारू नकोस. दादाला मी कळवलं. तू नाही, मीच. तू छताकडे बघत बसला होतास ना डॉक्टरीणबाईंसमोर, मान दुखेपर्यंत, तेव्हा मला इतका वैताग आला स्वतःचा. एवढ्याशा पोराला छताकडे बघायला लावते मी, कशासाठी? शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी फोन मागून घेतला आणि दादाला म्हटलं, ये.

रविवारी आला. टोपी मांडीवर. मी सगळं सांगितलं. कुठला अवयव, कशाने होतो, आणि हो, एक माणूस होता. मी एका दमात बोलले, कारण थांबले असते तर त्याने बघितलं असतं.

त्याने बघितलंच नाही. खिडकीकडे बघत म्हणाला, "डॉक्टर आता काय म्हणतात?"

"निघालं म्हणतात सगळं."

"मग झालं तर."

झालं तर! तुझ्याएवढीच चीड आली मला. मी दोन महिने तडफडले, तारीख घालवली, जीव टांगणीला लावला, आणि हा म्हणतो, झालं तर. मी काहीतरी तिखट बोलणार, तेवढ्यात तो उठला, खाली वाकला आणि म्हणाला, "या खाटेचं चाक नीट नाही." खिशातून घडीचा चाकू काढला आणि जमिनीवर बसून चाक खोलायला लागला. बराच वेळ बसला होता. मान खाली, कान लाल. मधेच नाक पुसलं, म्हणाला, धूळ आहे. वॉर्ड रोज दोनदा पुसतात.

ते चाक नीट होतं. अगदी छान होतं. आता करकरतं, आणि खाट एका बाजूला ओढते.

संध्याकाळी नर्सबाई मला तपासायच्या खोलीत ढकलत निघाल्या तर खाट सरळ भिंतीत. त्या संतापल्या. "कुणी हात लावला या चाकाला?"

मी म्हटलं, "माझ्या भावाने."

आत्या